तळटीप

नकोशा संसारात अडकलेल्या बायकांच्या कथांमधल्या प्रतीकांवरचा लेख संपत आला होता. सर सांगत होते, त्यांची बायको नव्या कॉम्प्युटरवर टाइप करत होती. मध्येच जानव्याला बांधलेल्या किल्लीनं त्यांनी फोनच्या डायलचं कुलूप काढलं, संपादकांना "आज पाठवतो" म्हणून सांगितलं आणि कुलूप परत लावलं. "हं, पिंजरा झाला, खिडकी झाली. आणखी एखादं प्रतीक हवं." "घरात फोन असतो," टाइप करता करता ती म्हणाली. "आलेला तिनं घ्यायचा. आईला करायचा, तर किल्ली नवऱ्याकडे." सरांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा, बोलकं आहे. कुठल्या कथेतलं? तळटीप द्यावी लागेल." "दिलीय." सर चष्मा लावून स्क्रीनपाशी वाकले. तळटिपेत घरचाच पत्ता होता: फ्लॅट सहा, आळंदी रोड, विश्रांतवाडी. त्यांचा हात नकळत सदऱ्याच्या आत गेला. किल्ली जागेवर होती.