सात सेकंद

शर्यतीत माझी स्पोर्ट्‌स कार भिंतीवर आदळली आणि पाय मोडला. शर्यतीचा परवाना परत हवा तर नियम साधा होता: हेल्मेट, पट्टे, सगळा जामानिमा करून सीटवर बसायचं आणि शिट्टी वाजताच सात सेकंदांत आपलं आपण गाडीबाहेर यायचं.

"पुरे झालं आता," असं अख्खं घर म्हणालं. सगळ्यात आधी आई. मी कुणालाच भीक घातली नाही. उलट हट्टाने स्टॉपवॉच आईच्याच हातात दिलं. दोन महिने मी गॅरेजमधल्या जुन्या गाडीतून धडपडत बाहेर येत राहिले आणि ती स्टुलावर बसून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, रोज एकच सांगायची, "नऊ. नापास."

"नऊ तर नऊ! उद्या परीक्षेला मी जाणार म्हणजे जाणार," शेवटी मी ओरडलेच.

परीक्षकांनी घड्याळ दोनदा पाहिलं. "पाच सेकंद. पास!"

मी तिथूनच आईला फोन लावला. "दोन महिने खोटं सांगत होतीस? मला घरी बसवायचं होतं ना तुला?"



"गाडी पेटली," आई शांतपणे म्हणाली, "तर आग काय तुझ्या नियमाचे सात सेकंद मोजत थांबणार आहे?"