डाव्या पायाची झेप

पडद्यावरची गगना झेप घ्यायला वाकली आणि श्रीरंगने शेजारी बसलेल्या बहिणीचा, कुंदाचा हात धरला. तरुणपणी मुलांच्या मासिकातल्या चित्रकथेसाठी ही उडणारी मुलगी त्यानेच लिहिली होती. आता तिच्यावर चौथा सिनेमा आला होता. तिचं शहर, पोशाख, शत्रू, सगळंच बदललं होतं. श्रीरंगला त्यातलं काहीच आपलं वाटेना.

मग गगनाने डावा पाय जमिनीवर हलकेच आपटला आणि ती ढगांत शिरली. अंधारं थिएटर निळंनिळं होऊन गेलं.

"दादा, ही डाव्या पायानेच का रे उडते?" कुंदाने कुजबुजत विचारलं.

लहानपणी पोलिओने कुंदाचा डावा पाय अधू झाला होता. त्याच पायाला श्रीरंगने कथेत बळ दिलं होतं, पण तिला कधी सांगितलं नव्हतं.

"ती तूच आहेस गं," तो म्हणाला.

कुंदाने डोळे मिटून घेतले. ढगांचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकत राहिला.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. श्रीरंगने तिची कुबडी पुढे केली.

"थांब ना जरा, दादा," डोळे मिटूनच ती म्हणाली. "आत्ता कुठे उतरतेय मी."