सातवं उत्तर

एब्रमची बायको वायलेट गेल्याचा फोन सेंट जॉन्स शहरातल्या दवाखान्यातून आला, तेव्हा टपालाच्या खिडकीपुढे तीन माणसं उभी होती. एब्रमने फोन ठेवला. म्हाताऱ्या मिल्ड्रेडला तिकिटं फाडून दिली, सुटे परत केले, आणि मग सांगितलं. मिल्ड्रेडने स्वतःच दारावरची पाटी उलटी केली.

टपाल कचेरी म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. तिथे वायलेट एकतीस वर्षं पोस्टमास्तर होती. ती दवाखान्यात गेल्यापासून महिनाभर एब्रम खिडकीत बसत होता.

बेटावरची बँक बंद होऊन सात वर्षं झाली होती. पेन्शनचा चेक वटवायचा तर बोटीने दिवसभराची खेप, नाहीतर गारलंडचं दुकान. गारलंड चेक घ्यायचा, पण निम्म्या रकमेचं सामान माथी मारायचा. मिल्ड्रेड म्हणायची, घरात इतकं मीठ साठलंय की मी मेल्यावर मला कॉड माशासारखी खारवून ठेवा. टपाल कचेरीतच पैसे ठेवता-काढता यावेत, एवढंच वायलेटचं मागणं होतं. दरवर्षी ती सगळ्या बेटाच्या सह्या घेऊन टपाल खात्याला अर्ज पाठवायची. दरवर्षी नकार यायचा.

सातवं उत्तर ती दवाखान्यात गेल्यावर चार दिवसांनी आलं. एब्रमने ते तिकडे पाठवलं नाही. अंथरुणात पडून आणखी एक नकार कशाला वाचायचा, असं त्याला वाटलं. उघडलंही नाही. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडणारा माणूस वायलेटच्या लेखी चोर होता, मग तो नवरा का असेना. फोनवर ती रोज विचारायची, उत्तर आलं का. तो म्हणायचा, अजून नाही.

शवपेटी बोटीने आली. झाकण लावण्याआधी त्याने ते न उघडलेलं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

दफनानंतर दहाव्या दिवशी टपाल खात्यातल्या एका बाईंचा फोन आला. बेटाला मंजुरी दिली होती, त्या म्हणाल्या. सोबतच्या कागदावर पोस्टमास्तरची सही होऊन तो सहा आठवड्यांत परत यायला हवा होता. मुदत सोमवारी संपली. ही सोय एकाच गावाला मिळणार होती, ती दुसऱ्या गावाला गेली.

“पत्र मिळालं नव्हतं का तुम्हाला?”

“मिळालं,” एब्रम म्हणाला. “जिचं होतं तिला दिलं.”

पुढच्या वर्षी काही होईल का, असं त्याने विचारलं. योजना याच वर्षापुरती होती, बाई म्हणाल्या.

दुपारी मिल्ड्रेड आली. आठवा अर्ज तिने स्वतःच्या हाताने लिहून आणला होता. अक्षर वाकडंतिकडं होतं. वर वायलेटचं नाव होतं.

“अरे, बाई अर्ज करता करता गेली. आता तरी त्यांना लाज वाटेल,” ती म्हणाली. “पहिली सही तुझी.”

एब्रमने सही केली. मिल्ड्रेड काठी टेकत चढावर गेली आणि तिने शेजारच्या दारावर थाप मारली. दिवस मावळायच्या आत तिने एकही घर सोडलं नाही.

मंजुरी आली होती, हे एब्रमने अजून कुणाला सांगितलेलं नाही.