फौजी गावची रीत

युद्धात विशू गेला, पण त्याचा देह काही घरी आला नाही. आला तो सरकारी डबा, आणि डब्यात विशूचा आवाज. काहीही विचारलं की तो उत्तर देई. वैजयंताबाईंना एकच गोष्ट विचारायची होती.

"विशू, शेवटी फार दुखलं का रे?"

"छे गं आई, मी मजेत आहे. आत्ताच गरम गरम जेवलो. तू गोळी घेतलीस ना?"

त्यांनी पुन्हा विचारलं. विशू पुन्हा जेवलेलाच.

डबा बसवायला आलेल्या हवालदारानं मान खाली घातली. "काकू, त्यानं घरी केलेले फोनच आम्ही याला शिकवले. त्यात जे नाही, ते हा कुठून सांगणार?"

गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि फौजेतून घरी फक्त चांगलंच कळवायचं, ही गावची रीत. भरतीला निघालेल्या विशूला ती वैजयंताबाईंनीच शिकवली होती.

"आई, तू कशी आहेस?" डब्यानं विचारलं.

शेजारणीनं सकाळी आणलेलं ताट कोपऱ्यात तसंच झाकलेलं होतं.

"मजेत आहे, बाळा," बाई म्हणाल्या. "आत्ताच जेवले."