आवाज कुठवर

श्रावणातल्या रविवारची कहाणी कुणाला तरी शेवटपर्यंत ऐकवल्याशिवाय अनुसूयाबाई जेवत नसत. झाशीत मराठी समजणारा घरात एक मुलगाच, यज्ञेश्वर, आणि त्याला कधी वेळ नसे.

आज गरज त्याला होती. तो काम करायचा त्या बिजौलीच्या एफएम केंद्रावर नवा अँटेना चढवला होता. आवाज कुठवर पोचतो ते बघायला तो आईला केंद्रात माइकपुढे बसवून, गाडीतला रेडिओ लावून मोठ गावाच्या रस्त्याला लागला.

"आई, तू माइकवर काहीही बोलत राहा," निघताना त्याने सांगितलं होतं.

त्यांनी कहाणीच सुरू केली. उपाशी राणी परक्या दारात उभी राहिली, तोच फोन आला.

"मोठच्या अलीकडे आवाज तुटला, आई. काम हो गया."

"बरं. मग थांबते."

त्याने फोन ठेवला नाही.

"थांबू नकोस. गाडी मागे घेतलीय. राणीला कुणी भाकरी दिली का?"