जेवणानंतरची वेळ

नवउद्योजकांच्या स्पर्धेत वृषाली हरली तर हेमांगीला ना बढती मिळणार होती, ना बक्षीस. विद्यापीठाच्या उद्योजकता केंद्रात ती नऊ वर्षं समन्वयक होती आणि समन्वयकच राहणार होती. मिळणार होती ती फक्त मनाची शांती. शेजारच्या टेबलावरची नोकरी सोडून ताकाचा मसाला विकायला गेलेली वृषाली जिंकली, तर केंद्रातली काचेची केबिन वर्षभर तिची. आणि हेमांगीचं टेबल बरोब्बर त्या काचेसमोर.

स्पर्धकांचा क्रम हेमांगीच ठरवायची. जेवणानंतर परीक्षकांना पेंग येते, हे तिला पाठ होतं. आदल्या संध्याकाळी तिने वृषालीला सकाळी दहावरून दुपारी अडीचला ढकललं आणि अडीचच्या, दैवशाला नावाच्या स्पर्धकाला दहाला आणलं.

सकाळी परीक्षकांनी एकेकाची सालटी काढली. अडीचला मात्र पोटं भरलेली. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. माना डोलावल्या आणि सढळ हाताने गुण दिले.

"ही वेळ तुलाच सुचावी गं," केबिनची किल्ली घेत वृषाली म्हणाली. "मैत्रीण असावी तर अशी."

हेमांगीने हसून ते गिळलं. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर दिवसभर बसलेली दैवशाला ज्वारीच्या शेवयांचा डबा घेऊन आत आली.

"मॅडम, औशाची एसटी अकराला पोचते म्हणून मी अडीचची वेळ मागून घेतली होती. आले तर गैरहजर म्हणून नाव खोडलेलं."

हिशेब असा लागला: वृषालीला केबिन, हेमांगीला तिचं रोजचं दर्शन, आणि दंड त्या पोरीला, जिने दोघींपैकी कुणाचंच काही वाकडं केलं नव्हतं.