आपोआप लागणारं दार

आमच्या ग्रेव्ही नावाच्या कुत्रीने हाफपँटवाल्या पोस्टमनची पोटरी धरली आणि कायदा आमच्या मानगुटीवर बसला. तिच्या गळ्यात धोकादायक कुत्र्यांसाठी सक्तीचा लाल-पिवळा पट्टा, फाटकावर धोक्याची पाटी आणि निलगिरीखाली मी घाम गाळून बांधलेला पिंजरा. आज कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, निरीक्षक डॉइल तो तपासायला आला. पिंजरा नापास झाला तर तो ग्रेव्हीला घेऊन जाणार होता. “दार आपोआप लागलं पाहिजे, आणि आतून उघडता कामा नये,” असं बजावत तो पिंजऱ्यात शिरला. मागोमाग मीही गेलो. दार खटकन लागलं. डॉइलने ते ढकललं, हलवलं, शेवटी लाथही घातली. “अरे, कडी कुठंय?” “बाहेर. तुझाच नियम!” कोपऱ्यातल्या ग्रेव्हीने जांभई दिली आणि ती त्याच्या बुटावर डोकं टेकवून घोरायला लागली. बायको आली, कडीवर हात ठेवून थांबली. “काय रे, पिंजरा पास? की अजून तपासायचंय?”